माती सोबत नेलेला नेपथ्यकार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाटक पाहून आल्यावर आपण घरी काय सांगतो? अमक्याने काम छान केले, तमकीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला नाही, दुसरा अंक जरा लांबला. नेपथ्याबद्दल फार तर एक वाक्य, 'सेट झकास होता'. बस्स. ज्याने तो देखावा उभा केला, त्याचे नाव जाहिरातीत बारीक टाइपात असते आणि ते वाचायला कुणी थांबत नाही.

नेपथ्य हा शब्दही मोठा गमतीचा आहे. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ पडद्यामागची जागा, जिथे नट रंग लावतात, कपडे बदलतात. जुन्या संस्कृत नाटकांत 'नेपथ्ये' असे लिहिलेले दिसले की समजायचे, आवाज आतून येतो आहे, बोलणारा दिसणार नाही. मराठीने हाच शब्द उचलला आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या देखाव्याला लावला. मागचे पुढे आले. पण शब्दाच्या पोटात तो जुना आडोसा अजून आहेच. आज ज्या माणसाची हकिकत सांगायची आहे, त्याने या आडोशाच्या आधाराने अठरा वर्षे काढली.

त्याचे नाव आल्बेर्तो सांचेझ. गाव तोलेदो, देश स्पेन, जन्म १८९५. मूळ धंदा पाव भाजण्याचा. पुढे तो शिल्पकार झाला, नेपथ्यकार झाला. देशात यादवी पेटली, मित्र मारले गेले, घरातले काम बॉम्बखाली गेले. तो परक्या देशात गेला तर तिथेही हुकूमशाही होती आणि मायदेशात दुसरी हुकूमशाही त्याची वाट अडवून बसली होती. तरी त्याचा हात थांबला नाही. कसा थांबला नाही, हे मला सांगायचे आहे. अशा माणसांच्या हकिकती आपण 'जिद्द' हा एक शब्द लावून मिटवून टाकतो. जिद्द असतेच, पण रोज सकाळी उठून हाताने नेमके काय करायचे, हे जिद्द सांगत नाही.

तोलेदो हे शहर जुने. १०८५ सालापर्यंत तिथे मुसलमानांची सत्ता होती आणि नंतरही कितीतरी वर्षे अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे तिथे होत राहिली. युरोपला ॲरिस्टॉटल आणि इब्न सीना यांची ओळख झाली ती बऱ्याच अंशी या गावातून. पण आल्बेर्तोच्या वाट्याला त्या ग्रंथांतले काही आले नाही. बाप पाव भाजणारा, घरात दारिद्र्य. पोरगा लहानपणीच कामाला लागला. लोहाराच्या भात्यापाशी बसला, पुढे माद्रिदला आल्यावर चांभाराकडे उमेदवारी केली आणि शेवटी बापाच्याच धंद्यात, भट्टीवर आला. वाचायला शिकला तोवर मिसरूड फुटायची वेळ झाली होती. रात्रभर पीठ तिंबायचे, पहाटे पाव काढायचे आणि दिवसा झोपेचा वेळ कापून संग्रहालयात जाऊन उभे राहायचे. शिल्पकलेच्या शाळेत तो गेला नाही. पिठाच्या गोळ्याला आकार देणारा हात त्याच्याजवळ होता, लोखंड वाकवणारा हात होता आणि चामडे कापणाराही होता. नेपथ्यकाराला यापेक्षा वेगळे काय लागते? सुतारकी म्हणाल, तर ती पुढे आली.

सक्तीच्या लष्करी नोकरीसाठी त्याला १९१७ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर, मेलियाला पाठवले. तिथे फावल्या वेळात तो मऊ दगड कोरू लागला. परत आल्यावर पुन्हा भट्टी. माद्रिदच्या आतोचा स्टेशनजवळच्या एका कॅफेत राफाएल बारादास नावाचा उरुग्वेचा चित्रकार बसत असे, त्याने या पाववाल्याची चित्रे पाहिली आणि त्याला धरून ठेवले. १९२५ साली माद्रिदमध्ये नव्या कलावंतांचे मोठे प्रदर्शन भरले, त्यात आल्बेर्तोची शिल्पे गाजली. तोलेदोच्या जिल्हा मंडळाने त्याला तीन वर्षांची वृत्ती दिली आणि भट्टी सुटली. एखाद्या जिल्हा परिषदेने पाववाल्याला शिल्पकार होण्यासाठी पैसे द्यावेत, ही बातमी मला आजही नवलाची वाटते.

आता या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. १९२७ च्या सुमारास आल्बेर्तो आणि त्याचा चित्रकार मित्र बेनहामिन पालेन्सिया रोज दुपारी आतोचा स्टेशनपासून पायी निघत. ऊन असो, वारा असो. शहर मागे टाकायचे, वायेकास नावाच्या वस्तीतून पुढे जायचे आणि उघड्या माळावरच्या एका टेकडीवर चढायचे. त्या काळात स्पेनच्या चित्रकाराला पॅरिसला जायची घाई असे. पिकासो गेला, मिरो गेला. हे दोघे मात्र उलट दिशेने, गावाबाहेरच्या माळाकडे गेले. त्या टेकडीला त्यांनी 'साक्षीदार टेकडी' असे नाव दिले. तिथे काय होते? खरे तर काहीच नव्हते. पांढरट माती, धसकटे, काटेरी झुडपे, रानचे सुगंधी गवत, पावसाने खणलेल्या घळी, एखादा पक्षी. एवढ्यावरच कला उभी करता येते, असे त्यांचे म्हणणे होते. या फिरण्याला पुढे कलेच्या इतिहासात 'वायेकासचे विद्यालय' असे भारदस्त नाव मिळाले. प्रत्यक्षात ना इमारत, ना हजेरीपट, नुसते दोन माणसांचे चालणे. पुढे आणखी काही कवी-चित्रकार बरोबर येऊ लागले.

मी पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याचा. पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाताना हे स्टेशन लागते. उन्हाळ्यात या बाजूला गाडीच्या खिडकीतून पाहणारा परगावचा माणूस म्हणतो, 'इथं पाहायला काही नाही.' ज्वारी निघालेली, पऱ्हाट्या उपटलेल्या, काळ्या रानाला भेगा पडलेल्या. पण त्या भेगांत हात घालून पाहिलेल्या माणसाला विचारा. कोणत्या रानाची माती कशी फुटते, कोणत्या बांधावर कोणता पाखरू बसतो, संध्याकाळी ढेकळांचा रंग कसा जांभळा होतो, हे त्याला तोंडपाठ असते. आल्बेर्तोला वायेकासची जमीन अशी तोंडपाठ झाली होती. पुढे ती प्रत्यक्ष पाहायला मिळणार नव्हती आणि तेव्हा हे पाठांतरच उपयोगी पडले.

शिल्पकाराचा नेपथ्यकार कसा झाला, ते सांगतो. १९३१ साली स्पेनमध्ये राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. नव्या सरकारने खेड्यांकडे लक्ष द्यायचे ठरवले. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याने १९३२ साली विद्यापीठातल्या पोरापोरींना घेऊन 'ला बाराका' नावाची फिरती नाटक मंडळी काढली. बाराका म्हणजे जत्रेतली राहुटी, पाल. माळेगावच्या यात्रेत फडाची ट्रक येते, फळ्या उतरतात, बांबू उभे राहतात, कनात लागते आणि तास-दोन तासांत जिथे सकाळी बैल बांधले होते तिथे बोर्ड तयार होतो. ला बाराकाची रीत हीच होती. ट्रकमधून रंगमंचाचे सुटे भाग उतरवायचे, गावच्या चौकात जोडायचे, वर दिवे टांगायचे. नट, हमाल, सुतार सगळे विद्यार्थीच, अंगात कामगाराचा निळा डगला. मानधन कुणालाच नाही. फरक एवढाच, की बोर्डावर वग नसे, तीनशे वर्षांपूर्वीची अभिजात स्पॅनिश नाटके असत आणि समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी आयुष्यात नाटक पाहिलेले नसे.

अशा मंडळीला नेपथ्य करून द्यायचे तर पहिली अट अशी, की ते ट्रकमध्ये मावले पाहिजे. दुसरी, विद्यार्थ्यांना ते अंधारात जोडता आले पाहिजे. तिसरी, चौकातल्या वाऱ्याने ते उडता कामा नये. माद्रिदच्या थिएटरात लाकडी महाल उभे करणारा नेपथ्यकार इथे कामाचा नव्हता. इथे एका कापडावर, चार रेघांत, गाव उभे करणारा माणूस हवा होता. लोर्काने निरनिराळ्या चित्रकारांना एकेक नाटक दिले आणि आल्बेर्तोच्या वाट्याला 'फुएन्ते ओवेहुना' आले.

लोपे द वेगाचे हे नाटक थोडक्यात सांगायलाच हवे. फुएन्ते ओवेहुना हे खरेखुरे गाव. १४७६ साली तिथल्या लोकांनी त्यांच्यावर जुलूम करणाऱ्या सरदाराला ठार मारले. चौकशीला न्यायाधीश येतो, म्हाताऱ्यांना, बायकांना, पोरांना यातना देऊन विचारतो, 'कुणी मारले?' प्रत्येकाच्या तोंडून गावाचेच नाव येते. खुनी म्हणून एकही माणूस सापडत नाही. शेवटी राजा माफी देतो. मूळ नाटकात राजा-राणी न्याय करणारे म्हणून येतात. लोर्काने ते प्रवेश कापले. उरले फक्त गाव आणि जुलमी माणूस.

आल्बेर्तोने काय केले? त्याने पंधराव्या शतकातले चिलखत आणि मखमल बाजूला ठेवली. गावकऱ्यांना त्याने १९३३ सालच्या खेडुतांचे कपडे दिले, जसे समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या अंगात होते तसेच. सरदाराला दिला त्या काळच्या बड्या जमीनदाराचा पोशाख. मागच्या पडद्यावर कॅस्टिलच्या मातीचे रंग. झाले. एकही संवाद न बदलता साडेचारशे वर्षांपूर्वीची घटना कालची झाली. प्रेक्षकाला कुणी भाषण केले नाही. त्याने बोर्डावर आपलाच सदरा पाहिला आणि जे समजायचे ते समजला. आपल्या भागात जहागिरी आणि देशमुखी ज्यांनी पाहिल्या, त्या पिढीसमोर हे नाटक आपल्याकडच्या धोतर-मुंडाशात झाले असते तर काय झाले असते, असे मनात येते. नेपथ्य आणि वेशभूषा नाटकाचा अर्थ कसा फिरवू शकतात, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

१८ जुलै १९३६ च्या आगेमागे जनरल फ्रान्कोने आणि त्याच्या साथीदारांनी सरकारविरुद्ध बंड केले. तीन वर्षे यादवी चालली. त्या एका ट्रकभोवती जमलेल्या माणसांचे काय झाले ते पाहिले, तरी यादवी म्हणजे काय ते कळते. लोर्काला ऑगस्ट १९३६ मध्ये ग्रनादाजवळ फ्रान्कोच्या बाजूच्या लोकांनी गोळ्या घातल्या. त्याच मंडळीसाठी नेपथ्य करणारा चित्रकार आल्फोन्सो पोन्से द लेओन हा उजव्या फालान्जे पक्षाचा. त्याला पुढच्याच महिन्यात माद्रिदमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी मारले. सान्तियागो ओन्तान्योन हा तिसरा नेपथ्यकार, युद्ध हरल्यावर माद्रिदमधल्या चिलीच्या वकिलातीत अडकून पडला. तिथे तो आणि त्याचे सोबती रात्री जागून हाताने एक नियतकालिक तयार करीत, प्रत एकच. पुढे तो दक्षिण अमेरिकेत गेला. रामोन गाया मेक्सिकोला गेला. होसे काबायेरो आणि आल्बेर्तोचा चालण्यातला सोबती पालेन्सिया हे मागे राहिले आणि फ्रान्कोच्या राज्यात चित्रे काढत राहिले. कुणी बरोबर केले आणि कुणी चूक, याचा निकाल इतक्या लांबून देण्याची मला घाई नाही.

फ्रान्कोच्या फौजेत मोरोक्कोचे मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते. पोटासाठी भरती झालेली डोंगरातली गरीब पोरे. दहा-बारा वर्षांपूर्वी याच फ्रान्कोच्या फौजेने त्यांची गावे चिरडली होती. त्यांच्या हातून स्पेनचा गरीब मेला आणि स्पेनच्या गरिबाच्या हातून ते मेले. मला त्यांच्याबद्दल लिहिलेले कमी वाचायला मिळते.

मराठवाड्याला ही भाषा परकी नाही. हैदराबाद संस्थानात सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी लागे. १९४७-४८ साली रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले आणि त्यानंतरच्या दिवसांत, ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा कितीतरी मुसलमान घरांनी त्याची किंमत मोजली. सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ते पाहून नोंदवले आहे. दोन्ही बाजूंची दुःखे सांगणारी म्हातारी माणसे मी ऐकली आहेत, बहुधा निरनिराळ्या ओट्यांवर.

आल्बेर्तो सरकारच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या बाजूला होता. विचाराने डावा. माद्रिदवर बॉम्ब पडले त्यात त्याचे घर आणि कामाची जागा गेली आणि तोवर केलेल्या शिल्पांतली बहुतेक नष्ट झाली. आज त्या काळातली जी शिल्पे आपण पाहतो, ती बरीचशी जुन्या छायाचित्रांतून. चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे निम्मे आयुष्य एका ढिगाऱ्यात गेले.

१९३७ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. युद्धात होरपळणाऱ्या सरकारने तिथे आपला मंडप उभारला. त्याच्या दोन वास्तुशिल्पींपैकी लुईस लाकासा हा आल्बेर्तोचा साडू. आत भिंतीवर पिकासोचे 'गेर्निका' होते. ते सगळ्या जगाला माहीत आहे. पण मंडपाच्या दारापुढे, येणाऱ्याला सर्वांत आधी दिसेल असे, आल्बेर्तोचे शिल्प उभे होते. साडेबारा मीटर उंच, वळत वळत वर गेलेला एक खांब. अंगावर नांगराच्या तासांसारख्या रेघा, माथ्यावर तारा. त्याच्या नावाचा अर्थ असा, की स्पेनच्या जनतेपुढे एक वाट आहे आणि ती एका ताऱ्याकडे जाते. निवडुंग म्हणा, ओढ्याने खणलेली घळ म्हणा, वायेकासचा माळच पॅरिसच्या चौकात उभा होता. प्रदर्शन संपले, मंडप मोडला, आणि ते शिल्प कुठे गेले ते कुणालाच सांगता आले नाही. एक छोटा नमुना तेवढा उरला.

१९३८ साली सरकारने त्याला मॉस्कोला पाठवले. युद्धापासून वाचवण्यासाठी स्पेनमधून सुमारे तीन हजार मुले रशियात नेली होती, त्यांना चित्रकला शिकवायचे काम. काम तात्पुरते होते. १ एप्रिल १९३९ ला फ्रान्कोने विजय जाहीर केला आणि परतीची वाट बंद झाली. बायको आणि लहान मुलगा बरोबर आले, एवढेच सुदैव.

इथे जरा थांबून स्पष्ट बोलले पाहिजे. आल्बेर्तोची हकिकत सांगणारे पुष्कळजण फ्रान्कोच्या हुकूमशाहीबद्दल भरभरून बोलतात आणि मॉस्कोच्या बाबतीत गप्प होतात. तो जिथे आला, तेही हुकूमशहाचेच राज्य होते. त्याचा पक्ष त्या राज्याला मानणारा होता, ही गोष्ट वेगळी. मेयरहोल्ड या जगातल्या थोर दिग्दर्शकाचे थिएटर १९३८ च्या जानेवारीत बंद केले गेले, १९३९ च्या जूनमध्ये त्याला अटक झाली आणि २ फेब्रुवारी १९४० ला गोळी घातली गेली. आल्बेर्तो त्याच शहरात मुलांना चित्रे शिकवीत होता. कलेने वास्तव जसेच्या तसे आणि आशादायकच दाखवले पाहिजे, असा तिथे सरकारी दंडक होता. आकारांशी खेळणाऱ्याला 'रूपवादी' म्हणत आणि ही शिवी चाकरीवर, प्रसंगी जिवावर बेतू शकत होती. ताऱ्याकडे जाणाऱ्या खांबासारखे शिल्प तिथे उभे करणे शक्यच नव्हते. दाढीवाला नेता आणि हातोडा घेतलेला मजूर, एवढीच शिल्पे चालत. आल्बेर्तोने ती केली नाहीत. पण उठून विरोधही केला नाही. त्याने शिल्पकला जवळजवळ बंद ठेवली, ती १९५६ पर्यंत.

ही अठरा वर्षे त्याने नेपथ्य केले.

नेपथ्यच का? माझ्या समजुतीप्रमाणे त्याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. पहिले म्हणजे त्यात पगार होता, आणि निर्वासिताला पोट असते. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. चौकात उभे राहणारे शिल्प हे सरकारचे बोलणे समजले जाते, त्यामुळे त्यावर दहा डोळे असतात. नाटकाचा मागचा पडदा हा नाटकाचा नोकर. नाटक मंजूर झाले, की पडद्यावरच्या टेकडीचा उतार कसा आहे, आकाश किती मोकळे सोडले आहे, भिंतीचा पांढरा किती करडा आहे, हे कुणी इतक्या बारकाईने तपासत नाही. शिवाय रंगमंचावर आकार मोडावेच लागतात. दूरची टेकडी बारा हातांवर दाखवायची तर ती खरी काढून चालत नाही. जे शिल्पात 'रूपवाद' ठरले असते, ते पडद्यावर 'नाटकाची गरज' म्हणून खपून जाई.

मॉस्कोत रोमेन नावाचे जिप्सींचे थिएटर आहे. स्पॅनिश नाटकांना तिथे मागणी होती. लोर्काची नाटके फ्रान्कोच्या राज्यात बराच काळ रंगभूमीवर येऊ शकली नाहीत, ती हजारो मैलांवर रशियन भाषेत होत होती आणि त्यांचे नेपथ्य लोर्काचाच जुना सोबती करीत होता. (लोर्काच्या 'बेर्नार्दा आल्बाचे घर' या नाटकाचे रघुवीर सहायांनी 'बिरजीस कदर का कुनबा' असे रूपांतर केले. त्यात बेर्नार्दाचे घर मुसलमान घर झाले आहे आणि कुठेही खटकत नाही.) परक्या देशात स्पेन दाखवायचा म्हटले, की निर्मात्याला काय हवे असते? पंखे, भरजरी शाली, बैलांशी झुंजणारा वीर, खिडकीत लाल फुले. पोस्टकार्डावरचा स्पेन. हिंदी सिनेमातल्या गावात जशा कायम मोहरी फुललेली आणि विहिरीवर बायका नाचत असतात, तसलाच प्रकार. आल्बेर्तोचा पडदा या बाजूला गेला नाही. चुन्याची भिंत, पिवळी रखरखीत जमीन, वाकडे झाड, मोठे आकाश. माद्रिदबाहेरच्या दुपारी त्याने पायांनी पाठ केलेली जमीन आता मॉस्कोच्या बर्फात, बंद थिएटरात, कापडावर उतरत होती.

नेपथ्याची कला मुळात नाशवंत. आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी रंगवलेल्या पडद्यांची लोक आठवण काढत. सरसात कालवलेले रंग, मोठे कापड, गुंडाळून बैलगाडीत आणि रेल्वेच्या डब्यात घालायचे. त्यांतले किती पडदे आज पाहायला मिळतात? रंगाचे पोपडे पडतात, कापड कुजते किंवा त्याच कापडावर दुसरा देखावा रंगवतात. आल्बेर्तोचे पडदेही फारसे उरले नाहीत. उरली ती कागदावरची रेखाटने. पण ज्याची दगडाची आणि लाकडाची शिल्पेसुद्धा बॉम्बने नेली, त्याला नाशवंत कलेची भीती कसली वाटणार? प्रयोग संपला की देखावा मोडायचा आणि दुसऱ्या नाटकाला पुन्हा तोच माळ नव्याने काढायचा. अठरा वर्षे त्याचा हात या कामाने चालता राहिला. त्याला मी गौरवाने समझोता म्हणेन. समझोता होता हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यात त्याने खोटे काही रंगवले नाही.

स्टालिन १९५३ साली गेला. १९५६ साली ख्रुश्चेव्हने त्याच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला आणि थोडी मोकळी हवा आली. आल्बेर्तो तेव्हा एकसष्ट वर्षांचा होता. त्याने लाकूड, पत्रा जे हाताशी येईल ते घेऊन पुन्हा शिल्पे करायला सुरुवात केली, आणि काय आश्चर्य, मधली वर्षे जणू नव्हतीच असे ते आकार आहेत. तेच वळण, त्याच तासांच्या रेघा, तेच पक्षी. एका शिल्पाचे नाव 'रशियन पक्ष्याचे घर' असे आहे. अठरा वर्षे रियाज बंद असलेला गवय्या असा गाऊ शकत नाही. म्हणजे रियाज बंद नव्हता, पडद्यावर चालू होता.

त्याच सुमारास ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह हा दिग्दर्शक सर्व्हान्तिसच्या 'दॉन किहोते'वर चित्रपट काढत होता. पटकथा येव्गेनी श्वार्त्सची. त्याचे 'ड्रॅगन' हे हुकूमशहावरचे नाटक १९४४ साली लगेच बंद पाडले गेले होते. किहोतेचे काम निकोलाय चेर्कासोव्ह करणार होता. चित्रपट किहोतेच्या ला मांचा मुलखात व्हायला हवा, पण फ्रान्कोच्या स्पेनमध्ये रशियन कॅमेरा जाणे शक्य नव्हते. काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात जागा शोधली आणि कलाविषयक सल्ल्यासाठी आल्बेर्तोला बोलावले. ज्या माणसाने सुमारे वीस वर्षे स्पेनची जमीन डोळ्यांनी पाहिली नव्हती, त्याने क्रिमियाच्या डोंगरात उभे राहून सांगायचे, की इथे ला मांचा आहे, इथे नाही. ही भिंत अशी हवी, या रस्त्याची धूळ अशी हवी. त्याने रेखाटने केली, त्याबरहुकूम गाव उभे राहिले. १९५७ साली चित्रपट आला आणि देशोदेशी पाहिला गेला. स्पेनचा मुलूख म्हणून लोकांनी जो पाहिला, तो एका निर्वासिताच्या आठवणीतला होता.

१२ ऑक्टोबर १९६२ ला आल्बेर्तो मॉस्कोत वारला. परत जाणे झालेच नाही. फ्रान्को त्याच्यानंतर तेरा वर्षे जगला. पण १९७० साली, फ्रान्को जिवंत असतानाच, माद्रिदला आल्बेर्तोच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. हुकूमशहांनाही कधीकधी मेलेले कलावंत चालतात. 'गेर्निका' १९८१ साली स्पेनला आले आणि आता माद्रिदच्या राइना सोफिया संग्रहालयात आहे. त्याच संग्रहालयाच्या दारात २००१ पासून तो साडेबारा मीटरचा खांब, छोट्या नमुन्यावरून नव्याने घडवून, उभा केलेला आहे. आत पिकासो, बाहेर आल्बेर्तो, १९३७ साली होते तसेच. ज्या आतोचा स्टेशनपासून ते दोघे मित्र चालायला निघत, ते तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

कोझिन्त्सेव्हचा तो 'दॉन किहोते' फिल्म सोसायट्या दाखवतात आणि आता तर घरच्या घरीही मिळतो. पाहाल तेव्हा चेर्कासोव्हचे काम जरूर पाहा, ते सुंदरच आहे. पण एकदा त्याच्यावरची नजर काढून घोड्याच्या पायांखालची जमीन पाहा, मागची पांढरी भिंत पाहा.